उतारवयातील आठवणी आणि त्यांतून घडणारा अर्थ

नाशिकमधील सत्तरी-ऐंशीच्या माणसांना एखादी घरगुती घटना कधी घडली असे विचारले, तर उत्तरात सन क्वचितच येतो. ‘मोठ्या पुराच्या आदल्या वर्षी’, ‘मागच्याच्या मागच्या सिंहस्थात’, ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं त्या पावसाळ्यात’ अशी ती उत्तरे असतात. (गोदाघाटावरील या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले, यावरून पुराचा अंदाज घेतात.) मेंदूत बहुतेक घटनांवर तारखेची नोंद नसते. ठळक प्रसंगांचा आधार घेऊन तो काळाचा अंदाज बांधतो. अमेरिकेतील स्मृतितज्ज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. ‘गेल्या सहा महिन्यांत’ काय घडले असे विचारण्याऐवजी सहा महिन्यांपूर्वीच झालेल्या ‘सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर’ काय घडले असे विचारले, तेव्हा त्याआधीच्या घटना चुकून त्या मुदतीत ओढून सांगण्याचे प्रमाण कमी झाले. गोदाघाटावर पुराच्या खुणेने काळ मोजणारी माणसे स्मृतीच्या स्वभावाला धरूनच बोलत असतात.

पंचवटीतील एका परिचित आजींनी सांगितलेली आठवण मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. त्यांच्या लहानपणी वाड्याच्या दारात कल्हईवाला बसे. मुले भाता हलवत, तो तापलेल्या पातेल्यात नवसागर भुरभुरवी, पांढरा धूर उठे, आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसला की भांड्याचा तळ लख्ख उजळे. एका वर्षी कल्हई करायची राहिली, चिंच घातलेली आमटी कळकली, म्हणजे उघड्या पडलेल्या धातूशी आंबट लागून बिघडली, आणि पातेलेभर आमटी ओतून द्यावी लागली. कल्हईवाल्याचे नाव आजींना आठवत नाही, जेवायला कोण होते तेही नाही. परंतु बहिणीशी अबोला धरून बसलेल्या आपल्या सुनेला मात्र त्या म्हणाल्या, “आजच फोन कर गं. आमटी कळकेपर्यंत थांबायचं नसतं.”

नाव विसरणे आणि नेमका अर्थ हाती लागणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात, याचा उलगडा स्मृतीच्या प्रकारांतून होतो. मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये दोन स्मृतींमधला भेद मांडला : विशिष्ट स्थळकाळी अनुभवलेल्या प्रसंगाची स्मृती आणि जगाविषयीच्या सर्वसाधारण ज्ञानाची स्मृती. पहिलीसाठी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग अत्यावश्यक असतो आणि वाढत्या वयाचा परिणाम तिच्यावर अधिक होतो. दुसरी बराच काळ शाबूत राहते. ब्रायन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तरुण आणि वृद्ध व्यक्तींनी सांगितलेल्या आत्मचरित्रात्मक आठवणींतील तपशील वेगळे काढून मोजले. वृद्धांच्या कथनात त्या प्रसंगाचे प्रत्यक्ष तपशील कमी होते, पण त्याभोवतीची माहिती, पार्श्वभूमी आणि सर्वसाधारण ज्ञान तुलनेने अधिक होते. याकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे मला अपुरे वाटते, कारण एका प्रसंगाचा अर्थ दुसऱ्या प्रसंगाला लावायचा असेल, तर याच माहितीचा उपयोग होतो.

आजींनी सुनेला सांगितला तसा धडा आठवणीत पहिल्या दिवसापासून दडलेला मात्र नसतो. आमटी ओतली गेली तेव्हा त्या मुलीच्या मनात बहुधा आईच्या रागाची धास्ती असेल, नातेसंबंधांचा विचार नव्हे. टिल्मन हाबरमास आणि सुसान ब्लक यांनी २००० मध्ये केलेल्या मांडणीनुसार, आयुष्यातील प्रसंग एकमेकांशी जोडून त्यांतून स्वतःविषयी काही अर्थ काढण्याची क्षमता पौगंडावस्थेत आकार घेऊ लागते. पुढे प्रत्येक कथनात आठवण नव्याने जुळवली जाते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले होते. करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, जागी केलेली भीतीची आठवण काही काळ अस्थिर होते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. माणसाच्या दैनंदिन आठवणींना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही आठवण सांगताना ती बदलू शकते, एवढे मानायला भक्कम आधार आहे. म्हणून आजोबांच्या गोष्टीत दर वेळी थोडा फरक पडला, तर तो खोटेपणा समजू नये.

बहुतेक वृद्धांना दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक प्रमाणात येतात. याच काळात शिक्षण, नोकरी, लग्न असे पहिलेपणाचे प्रसंग दाटीने घडतात, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

म्हातारी माणसे भूतकाळात रमतात ही तक्रार जुनीच आहे. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये तिला ठाम उत्तर दिले : उतारवयातील गतायुष्याचे अवलोकन ही स्वाभाविक मानसिक प्रक्रिया आहे. अर्थात सगळेच आठवणे हितकारक नसते. जुना अपमान किंवा हुकलेली संधी पुन्हापुन्हा घोळवत राहणे हे खालावलेल्या मनःस्वास्थ्याशी निगडित असल्याचे अभ्यासांत दिसते. ऐकणाऱ्याची जबाबदारी येथे मोठी आहे. “हे किती वेळा सांगणार?” असे म्हणून गोष्ट तोडण्यापेक्षा “मग तुम्ही पुढे काय वेगळं केलंत?” असे विचारले, तर कथन तक्रारीपाशी न थांबता अर्थाकडे वळण्याची शक्यता वाढते.

ठेवणीतली गोष्ट महिन्याने पुन्हा सांगणे आणि दहा मिनिटांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा विचारणे यांत मात्र फरक करायला हवा. नेहमीचा रस्ता चुकणे, पैशांचे साधे व्यवहार न जमणे किंवा आत्ताच झालेले बोलणे वारंवार पुसले जाणे, अशी लक्षणे दिसली तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि काही औषधांचे परिणाम यांमुळेही विस्मरण होते, आणि यांतील बहुतेक कारणांवर उपचार करता येतात.