सर्वो ड्राइव्ह: अ‍ॅनालॉग तारेपासून सामाईक डीसी बसपर्यंत

‘सर्वो’ हा शब्द जहाजावरून आला. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने वाफेच्या बळाने सुकाणू फिरवण्याच्या यंत्रणेवर १८७३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यातून तो रूढ झाला. सुकाणू खरोखर कुठे आहे ते पाहायचं, हुकमाशी ताडायचं आणि फरक मिटेपर्यंत जोर लावायचा. आजचा सर्वो ड्राइव्ह, म्हणजे मोटरला हुकमाप्रमाणे फिरवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, तेच करतो.

कारखान्यात अनेक वर्षं ड्राइव्हला हुकूम मिळे तो उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या अ‍ॅनालॉग सिग्नलने. मोजून, ताडून फरक मिटवण्याच्या या चक्राला लूप म्हणतात. स्थानाचा (पोझिशन) लूप सीएनसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकीय कंट्रोलरमध्ये, वेगाचा आणि करंटचा लूप ड्राइव्हमध्ये. १० व्होल्ट म्हणजे ३००० आरपीएम धरले, तर १० मिलिव्होल्टचा ऑफसेट (सिग्नलची शून्यापासूनची चूक) ३ आरपीएम देतो, म्हणजे शून्य हुकमावरही मोटर सरकते. कॅबिनेट तापलं की ऑफसेट बदले आणि ड्राइव्हवरचा पॉट (जुळवणीचा फिरता रेझिस्टर) पुन्हा जुळवावा लागे.

१९७० च्या आसपास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी एसी मोटरच्या करंटचे टॉर्क आणि चुंबकीय क्षेत्र असे दोन भाग वेगवेगळे हाताळण्याची रीत मांडली. वेगवान प्रोसेसर आल्यावर ती ड्राइव्हमध्ये उतरली आणि जुन्या डीसी मोटरमधले कार्बन ब्रश हळूहळू गेले. पुढे अ‍ॅनालॉग तारेऐवजी डिजिटल संदेश नेणारी नेटवर्कं आली: सर्कोस (१९९५ चं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१४९१) आणि २००३ मध्ये इथरकॅट. आता कंट्रोलर साधारण दर मिलिसेकंदाला लक्ष्यस्थान पाठवतो, ड्राइव्ह करंटचा लूप ६२.५ किंवा १२५ मायक्रोसेकंदांत फिरवतो. सगळ्या ड्राइव्हची घड्याळं एका मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली असतात. दोन अक्षांत (मशीनच्या वेगवेगळ्या मोटरवर चालणाऱ्या दोन हालचालींत) वेळेचा फरक पडला, तर कापलेलं वर्तुळ लंबगोल निघतं.

मॉड्युलर रचनेचं, म्हणजे प्रत्येक अक्षाचं सुटं मॉड्यूल शेजारी-शेजारी जोडण्याचं, खरं मर्म मात्र सामाईक डीसी बसमध्ये, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या एकाच डीसी लाइनमध्ये आहे. एक सप्लाय मॉड्यूल ४०० व्होल्ट एसीचे सुमारे ५६५ व्होल्ट डीसी करतं आणि शेजारची अक्ष-मॉड्यूल्स त्याच बसबारवर चालतात. एक अक्ष थांबताना परत देतो ती ऊर्जा वेग घेणारा दुसरा वापरतो.

अडचण येते ती इमर्जन्सी स्टॉपला, कारण तेव्हा सगळेच ब्रेक मारतात आणि ऊर्जा घ्यायला कुणी उरत नाही. ०.०१ किलोग्रॅम-चौरस मीटर जडत्वाच्या अक्षात ३००० आरपीएमला सुमारे ४९० जूल असतात. बसवरचा ऊर्जा साठवणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५६५ वरून ८०० व्होल्टपर्यंत चढताना जेमतेम १६० जूल घेतो. उरलेली ऊर्जा ब्रेकिंग रेझिस्टरने जाळली नाही, तर बस ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. म्हणून रेझिस्टर निवडताना एका अक्षाचा नाही, सगळे एकदम थांबण्याचा हिशेब धरावा.

एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) ही सुरक्षा-सोय मोटरचा टॉर्क काढते, बसवरचा व्होल्टेज नाही. मॉड्यूल उघडण्याआधी मेन सप्लाय बंद करून लॉक करा, मॉड्यूलवर लिहिलेला वेळ थांबा आणि मीटरने बस मोजा. उभ्या अक्षाला यांत्रिक ब्रेक हवाच, एसटीओ लागताच वजन खाली येतं.