पिवळी स्कूल बस आणि साधी प्रवासी बस : गाडी नक्की कुणासाठी थांबवायची?

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून लायसन्सच्या लेखी परीक्षेची तयारी करून घेताना एक गैरसमज मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि इथे पंधरा-पंधरा वर्षे गाडी चालवणारेही त्याला अपवाद नाहीत. ‘बसमधून मुले उतरत असतील तर गाडी थांबवायची’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. ऐकायला ते निर्दोष वाटते, पण कोणती बस हे त्यात कुठेच येत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पिवळ्या स्कूल बसचा नियम बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो थोडक्यात सांगते. बसचे पिवळे दिवे लुकलुकू लागले की ती थांबणार आहे असे समजून वेग कमी करायचा. लाल दिवे लागले आणि डाव्या अंगाने अष्टकोनी स्टॉपचा फलक बाहेर आला की मागून येणाऱ्याने आणि समोरून येणाऱ्याने, दोघांनीही थांबायचे; न्यू जर्सीत किमान २५ फूट अंतर राखून, आणि लाल दिवे बंद होईपर्यंत. रस्त्याला मधे दुभाजक असेल तर पलीकडच्या बाजूच्या गाड्यांना ताशी १० मैलांपर्यंतच्या वेगाने पुढे जाता येते. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये शिरल्यावर मात्र ही सवलत संपते, तिथे दुभाजक असला तरी दोन्ही बाजूंनी थांबावे लागते. न्यू जर्सीत नियम मोडला तर पहिल्याच वेळी किमान १०० डॉलर दंड होतो आणि लायसन्सवर दंडाचे ५ पॉइंट चढतात.

खरा प्रश्न दुसऱ्या बसचा आहे. दुपारी तीनच्या सुमारास शहराची नेहमीची प्रवासी बस थांब्यावर येते आणि पाठीवर दप्तरे घेतलेली चार मुले तिच्यातून उतरतात. यात विशेष काही नाही. न्यूयॉर्क शहरातले असंख्य विद्यार्थी साध्या बसनेच शाळेत जातात-येतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोत २०२१पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना शहराच्या बसचे तिकीटही पडत नाही. या बससाठी इतर वाहनांनी थांबायचे का? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : नाही.

हे उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण नियमाचे मूळ मुलांमध्ये आहे अशी त्यांची समजूत असते. न्यू जर्सीच्या कायद्याची भाषा नीट वाचली तर त्यात बसचेच वर्णन आहे. बस केवळ मुलांची शाळेत, उन्हाळी दिवस-शिबिरात किंवा शाळेच्या उपक्रमाला ने-आण करण्यासाठी वापरात असली पाहिजे, तिच्या पुढे आणि मागे स्कूल बस असल्याची पाटी असली पाहिजे, आणि त्या पाटीवरचे प्रत्येक अक्षर किमान ४ इंच उंचीचे असले पाहिजे. अशा बसचा लाल दिवा हा थांबण्याचा हुकूम आहे. प्रवासी बसमध्ये पन्नास मुले बसलेली असली तरी तिच्याकडे तो दिवाही नाही आणि तो अधिकारही नाही. ज्या वाहनाबाबत काळजी घ्यायला हवी त्याचे नाव कायदा स्वतःच घेतो. आइस्क्रीमच्या गाडीसाठी न्यू जर्सीत स्वतंत्र कलम आहे, तिच्याजवळून जाताना रस्ता ओलांडणाऱ्याला वाट द्यावी लागते आणि वेग ताशी १५ मैलांच्या आत ठेवावा लागतो. प्रवासी बससाठी असे कलम नाही.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा, की ‘पण तिचेही दिवे लुकलुकत होते!’ ते हॅझर्डचे दिवे असतात. कोपऱ्यांवरचे ते दिवे कोणीही ड्रायव्हर लावू शकतो, आणि त्यांचा अर्थ ‘मी उभा आहे, सांभाळून या’ एवढाच असतो. हा गोंधळ काही जण परदेशातून सोबत आणतात, आणि त्यांचा दोष मी मानत नाही. जर्मनीत थांब्यावरच्या कोणत्याही नियमित मार्गाच्या बसने हॅझर्ड लावले असतील, तर तिच्याजवळून दोन्ही दिशांच्या गाड्यांना चालत्या माणसाच्या वेगानेच जावे लागते. टोरोंटोत ट्राम थांबून माणसे रस्त्यावर उतरत असतील तर मागच्या गाडीला ट्रामच्या दारापासून २ मीटर मागे थांबावेच लागते. दोन्ही नियम त्या त्या जागी योग्य आहेत. त्यांचा हवाला न्यू जर्सीत देऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहायला बसले तो. ‘कायदा सांगत नसेल, पण थांबलो तर बिघडले काय? माणुसकी म्हणून थांबावे,’ असे मला अनेकदा ऐकवले जाते. बिघडते, आणि फार वाईट बिघडते, कारण दोन्ही बसमधून उतरून रस्ता ओलांडण्याची रीत मुळातच वेगळी आहे. स्कूल बसमधून उतरलेले मूल बसच्या समोरून, सुमारे १० फूट पुढे चालत जाऊन ओलांडते. बसच्या पुढच्या बंपरवरून एक लांब दांडा आडवा उघडतो, तो मुलाला बसला चिकटून चालू देत नाही, त्यामुळे ते ड्रायव्हरच्या नजरेत राहते. ड्रायव्हर दोन्हीकडची वाहने थांबलेली पाहतो आणि मगच हाताने खूण करतो. प्रवासी बसमध्ये यातले काहीच नाही. दार मिटले की बस निघते, उतरलेला प्रवासी कुठे गेला हे पाहणे तिच्या ड्रायव्हरचे काम नसते, आणि त्या प्रवाशाने बस निघून जाईपर्यंत फुटपाथवर थांबून मग कोपऱ्यावरून ओलांडायचे असते.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. चार वर्षांपूर्वी राज्यमार्ग २७वर, जिथे दोन्ही दिशांना दोन-दोन लेन आहेत, समोरच्या बाजूला साधी बस थांबली. मी आतल्या लेनमध्ये होते. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसच्या पुढून डोकावला, मी गाडी थांबवली आणि ‘ये’ म्हणून हात केला. तो निर्धास्तपणे निघाला. माझ्या उजवीकडच्या लेनमधून मागून एक एसयूव्ही त्याच वेगात येत होती. तिला माझ्या गाडीमुळे मुलगा दिसत नव्हता आणि मुलाला ती दिसत नव्हती. ब्रेकचा आवाज झाला, मुलगा मागे उडाला आणि त्याचे दप्तर माझ्या बॉनेटवर आपटले. त्याला खरचटलेही नाही. पण रस्ता मोकळा असल्याचे आश्वासन त्याला मी दिले होते, आणि माझ्या शेजारची लेन माझ्या ताब्यात नव्हती. तेव्हापासून गाडीतून हात हलवून मुलांना रस्ता ओलांडायला सांगणारे लोक दिसले की मला मनापासून संताप येतो.

म्हणजे प्रवासी बसजवळून बेफिकीर जायचे, असे अजिबात नाही. पाय ब्रेकवर आणावा, वेग उतरवावा, बसच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे पाहावे. मूल क्रॉसवॉकवर, म्हणजे पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायच्या पट्ट्यावर, पाऊल टाकत असेल तर थांबलेच पाहिजे. १ एप्रिल २०१०पासून न्यू जर्सीत आखलेल्या क्रॉसवॉकवरच्या पादचाऱ्यासाठी नुसता वेग कमी करणे पुरत नाही, पूर्ण थांबावे लागते, आणि तिथे थांबलेल्या गाडीला मागून ओलांडून जाता येत नाही. तिथे थांबण्याचे कारण पादचारी आणि क्रॉसवॉक असते, बस कोणती आहे याने काहीही फरक पडत नाही.

रंगाचा मुद्दा किरकोळ आहे. १९३९ साली कोलंबिया विद्यापीठातल्या परिषदेत प्राध्यापक फ्रँक सायर यांच्या पुढाकाराने ठरलेला तो पिवळा रंग बस लांबून ओळखू यावी म्हणून आहे, थांबवण्याची ताकद त्यात नाही; लाल दिवे न लावता चाललेली पिवळी बस इतर वाहनांसारखीच समजावी. सहलीच्या भाड्याच्या कोचसाठीही थांबायचे नसते. स्कूल बससारखीच दिसणारी पण लाल दिवे आणि स्टॉपचा फलक नसलेली उपक्रम-बस २००३पासून वेगळ्या वर्गात मोडते. घरापासून शाळेपर्यंतच्या रोजच्या फेऱ्यांसाठी ती नसते.

साध्या बसने शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी एकच सराव करून घ्यायला सांगते. मुलाबरोबर स्वतः दोन-तीनदा बसने यावे, उतरल्यावर फुटपाथवर त्याचा हात धरून उभे राहावे, आणि बसचा मागचा दिवा पुढच्या सिग्नलपर्यंत गेलेला त्याने स्वतः दाखवल्याशिवाय रस्त्याकडे वळू नये. माझ्या भाचीला ही सवय लागायला एक आठवडा लागला. आता कोणी गाडी थांबवून हात केला तरी ती मान हलवून नकार देते आणि जागीच उभी राहते.