कॅशने शोध वेगवान कसा झाला: ल्युसीनची वाटचाल

सर्व्हर रीस्टार्ट केल्यावरचा पहिला शोध रेंगाळतो आणि तोच दुसऱ्यांदा केला की झटकन निकाल येतो. सर्च सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते. दरम्यान इंडेक्स तोच असतो, फक्त त्याचे लागणारे भाग डिस्कवरून मेमरीत आलेले असतात. पुन्हा लागेल म्हणून असा हाताशी ठेवलेला साठा म्हणजे कॅश.

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची: 'पाऊस' या शब्दापुढे तो ज्या दस्तऐवजांत आहे त्यांचे क्रमांक. 'कोकण पाऊस' शोधले की दोन याद्यांतले सामाईक क्रमांक काढायचे. हे काम हलके आहे, वेळ खाते ती डिस्क. म्हणून गुगलने आधी निकाल साठवणारे कॅश सर्व्हर लावले आणि २००१च्या सुरुवातीला पूर्ण इंडेक्सच मेमरीत आणला. गुगलचे अभियंते जेफ डीन यांनी २००९च्या व्याख्यानात ही हकिकत सांगितली आहे.

एवढी यंत्रे नसणाऱ्यांसाठी डग कटिंग यांचे ल्युसीन हे शोधाचे सॉफ्टवेअर होते. ते २०००मध्ये मुक्तस्रोत झाले आणि २००१मध्ये अपाची या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे आले. त्यात नवे दस्तऐवज इंडेक्सच्या नव्या तुकड्यात, म्हणजे सेगमेंटमध्ये जातात, लिहून झालेल्या सेगमेंटच्या मजकुराला पुन्हा हात लागत नाही आणि छोटे सेगमेंट मागाहून एकत्र केले जातात. मला ल्युसीनमधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. कॅशमधले शिळे झाले कधी, हे ओळखणे सर्वांत अवघड असते. सेगमेंट बदलतच नसेल, तर त्याच्यावरून काढलेली माहिती शिळी कशी होणार?

तरी हा फायदा पदरात पडायला वेळ लागला. निकालांचा क्रम लावण्यासाठीची कॅश संपूर्ण इंडेक्सला धरून असे. चार दस्तऐवज वाढवून इंडेक्स पुन्हा उघडला की ती मुळापासून बांधावी लागे. २००९च्या २.९ आवृत्तीत ती सेगमेंटनिहाय झाली आणि नव्या सेगमेंटपुरतेच काम उरले.

योनिक सीली यांनी २००४मध्ये सीनेट (CNET) या कंपनीत सुरू केलेल्या सोलर या ल्युसीनवर बांधलेल्या सर्च सर्व्हरने फिल्टर कॅश रुळवली. 'भाषा: मराठी' अशा फिल्टरसाठी दर दस्तऐवजाला, तो त्यात बसतो की नाही एवढेच सांगणारा एक बिट, म्हणजे १ कोटी दस्तऐवजांना जेमतेम सव्वा एमबी. नवा इंडेक्स वापरात येण्याआधी जुन्या कॅशमधल्या नोंदी पुन्हा चालवून नवी कॅश गरम करण्याची सोयही त्यात होती.

पण ल्युसीन जावा भाषेतले. जावाची हीप, म्हणजे प्रोग्रॅमच्या वाट्याची मेमरी, फुगवली की गार्बेज कलेक्शनमध्ये, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करण्यात, सर्व्हर अडकू लागे. त्यामुळे इंडेक्सच्या फाइली मेमरीत धरण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवण्याकडे कल वळला. २०१०मध्ये आलेल्या, ल्युसीनवरच बांधलेल्या इलास्टिकसर्च या इंजिनाचा सल्लाही तोच: हीपला निम्म्याहून जास्त रॅम देऊ नका. पुढे कोणता फिल्टर साठवायचा हेही इंजिनच ठरवू लागले. १० हजारांहून कमी दस्तऐवजांचा किंवा शार्डच्या (मोठ्या इंडेक्सच्या एका वाट्याच्या) ३ टक्क्यांहून लहान सेगमेंट ते कॅशसाठी घेतच नाही, कारण असा सेगमेंट लवकरच दुसऱ्यात विलीन होतो.