ओटावी रेल्वे: तांबे, वाळवंट आणि युद्ध

नामिबियाच्या उत्तरेकडच्या त्सुमेबमध्ये पूर्वी एक हिरवी टेकडी होती. तांब्याचे खनिज तिथे जमिनीवरच उघडे पडले होते. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून स्थानिक लोक ते खणत आणि ओवाम्बो व्यापाऱ्यांना देत. १८९३ मध्ये मॅथ्यू रॉजर्स यांनी टेकडीची पाहणी केली आणि भांडवलदारांचे लक्ष तिकडे वळले. तांबे भरपूर होते. अडचण होती ती अंतराची. समुद्र पाचशे किलोमीटरहून दूर आणि किनाऱ्यालगत नामिबचे वाळवंट.

तेव्हा हा मुलूख जर्मनीची वसाहत होता. १९०० मध्ये खाण आणि रेल्वे या दोन्हींसाठी एक कंपनी स्थापन झाली. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडपासून विंडहुकपर्यंतचा सरकारी लोहमार्ग १९०२ मध्ये पुरा झाला होता, पण त्याचे चढ तीव्र होते. म्हणून खाण कंपनीने स्वाकोपमुंडहून स्वतःचा वेगळा मार्ग काढला; हीच ओटावी रेल्वे. रुंदी फक्त ६०० मिलिमीटर, कारण अरुंद रूळ स्वस्त पडतात आणि भराभर टाकता येतात. ठेका आर्थर कोपेल यांच्या कंपनीला मिळाला. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही: माथेरानच्या मिनी ट्रेनची पहिली वाफेची इंजिने ऑरेनस्टाइन अँड कोपेलची होती आणि तिचे रूळही जवळपास एवढेच अरुंद.

काम १९०३ च्या अखेरीस सुरू झाले आणि जानेवारी १९०४ मध्ये तिथल्या गुरे पाळणाऱ्या हेरेरो लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. त्यामागे गोऱ्या व्यापाऱ्यांची कर्जे, गुराढोरांची लूट अशी कारणे होतीच. रेल्वेसाठी मागितलेली जमीन आणि पाण्याचे हक्क हेही एक होते. उठावाने काम रखडले, मग सैन्याच्या गरजेपोटी तेच घाईने पुढे रेटले गेले. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गची लढाई झाली. ऑक्टोबरमध्ये जर्मन जनरल फॉन ट्रोथा यांनी हेरेरोंच्या संहाराचा हुकूम काढला. जे वाचले त्यांना छावण्यांत कोंडले गेले आणि त्यांतले बरेच जण याच मार्गावर वेठीला लागले. त्यात बायका होत्या, मुलेही होती. या रेल्वेच्या बहुतेक वर्णनांत इंजिनांची आणि पुलांची चर्चा असते. हे मजूर कुठेतरी एका ओळीत येतात. मला वाटते, हे उलटे असायला हवे.

१९०६ मध्ये रूळ त्सुमेबला पोचले. ५६७ किलोमीटरचा हा मार्ग त्या काळी एवढ्या अरुंद गेजचा जगातला सर्वांत लांब मार्ग मानला जाई. १९१० मध्ये तो सरकारने विकत घेतला, तरी गाड्या कंपनीच चालवत राहिली. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या फौजा आल्या आणि ९ जुलै १९१५ रोजी जर्मनांनी ओटावीजवळ, याच रेल्वेमार्गावर, शरणागती पत्करली.

किनाऱ्यापासून वाटेतल्या उसाकोस स्टेशनपर्यंतचा भाग युद्धकाळातच रुंद रुळांचा झाला. पुढचा भाग मात्र १९६० पर्यंत अरुंदच राहिला. त्यामुळे इतकी वर्षे त्सुमेबचे खनिज उसाकोसला एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावे लागे. खाण दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रूची मालमत्ता म्हणून अमेरिकी कंपन्यांच्या हाती गेली आणि १९९६ मध्ये बंद पडली. जर्मनीने हेरेरो आणि त्याच वसाहतीतल्या नामा लोकांच्या वंशसंहाराची कबुली २०२१ मध्ये दिली. भरपाईचा वाद अजून मिटलेला नाही.