घोड्यांना विष कोणी घातले नव्हते

1510 मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला, त्याच्या आधीपासून या बंदराची ओळख घोड्यांमुळे होती. होर्मुझहून अरबी घोडे गलबतांतून उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला, दख्खनच्या सुलतानांकडे जायचे. पोर्तुगीजांनी हा व्यापार मुठीत धरला आणि घोड्यांच्या जकातीवर गोव्याची तिजोरी बरीचशी भरत राहिली. आज इथे घोडा दिसतो तो वरातीत, एखाद्या किनाऱ्यावर किंवा शिगम्यात लाकडी होऊन घोडेमोडणीच्या नाचात. पण डासामाश्यांनी पसरणाऱ्या घोड्यांच्या रोगांचा इतिहास पाहायला बसले, की गोवा पहिल्याच पानावर भेटतो.

गोव्याचा माजी गव्हर्नर फ्रान्सिस्को बार्रेतो 1569 मध्ये लिस्बनहून पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाला. सोबतच्या मोंक्लारो या पाद्र्याने तिची हकिकत लिहून ठेवली. झांबेझी नदीकाठच्या सेना गावी भारतातून नेलेले घोडे पटापट मेले, माणसेही तापाने गेली. तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी विष घातले असा संशय धरून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली. त्या नोंदीत काही जाणकारांना आफ्रिकी अश्वज्वर दिसतो. तो चिलटांनी पसरतो आणि माणसाला होत नाही. काहींना त्सेत्से माशीने पसरणारा ट्रिपॅनोसोमा हा रक्तातला सूक्ष्म परजीवी दिसतो, ज्याचे भाऊबंद माणसात निद्रारोग आणतात. दोन्हींपैकी काहीही असो, कारण हवेत उडत होते आणि जीव गेले ते निरपराध माणसांचे.

भारतात हे कोडे सुटायला 1880 उजाडले. डेरा इस्माईल खान (आज पाकिस्तानात) इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला सर्रा या तापाच्या रोगाने आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा, ट्रिपॅनोसोमाच्याच कुळातला परजीवी सापडला. रोग यानेच होतो हे त्याचे म्हणणे वरिष्ठांना पटले नाही. 1885 मध्ये जॉन हेन्री स्टील यांना ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांत तोच जीव दिसला आणि त्यांनी त्याला इव्हान्सचे नाव दिले. हेच स्टील पुढच्या वर्षी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. माशीचा दुवा 1901 मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी प्रयोगाने दाखवला. ‘सर्रा’ हे नाव काही इंग्रजी शब्दकोश मराठीतल्या ‘सूर’वरून, म्हणजे नाकातून घरघरणाऱ्या श्वासावरून आले असे सांगतात.

सर्राची माशी म्हणजे टॅबॅनस, आपली घोडमाशी. तिचा डंख दुखतो, म्हणून जनावर शेपूट मारून तिला हुसकावते. अर्धवट जेवलेली माशी काही मिनिटांत शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाला लागलेले रक्त तिथे टोचते. परजीवी तिच्या पोटात वाढत नाही. त्यामुळे आजारी घोडा लगेच दूर बांधला तर साखळी खरोखर तुटते. एकाच सुईने चार घोड्यांना टोचणारा माणूस मात्र माशीचेच काम करतो. म्हशी वरून धडधाकट दिसतात आणि हा परजीवी बाळगून असतात, म्हणून घोड्याची पागा म्हशींच्या गोठ्याला लागून नको.

माणसाला सर्रा होत नाही, असे त्यानंतर शंभर वर्षे धरून चालले होते. कारण माणसाच्या रक्तद्रवातले एपीओएल-1 हे प्रथिन या परजीवीला फोडते. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. त्याच्या शरीरात हे प्रथिन तयारच होत नव्हते. उपचाराचे सुरामिन हे औषध जागतिक आरोग्य संघटनेकडून आणावे लागले. नंतर त्या परिसरात 1,806 लोक तपासले, 410 जणांत संपर्काची खूण मिळाली, पण परजीवी कोणाच्या रक्तात दिसला नाही. म्हणजे धोका दुर्मीळ, पण खरा.

डासांनी पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा हिशेब अगदी उलटा आहे. विषाणू 1935 मध्ये जपानमध्ये माणसाच्या मेंदूतून आणि दोनच वर्षांनी घोड्यातून वेगळा झाला. भारतातले पहिले रुग्ण 1955 मध्ये वेल्लोरला ओळखले गेले, आणि गोव्यात 1982 मध्ये साथ आली. पुढे गोव्यातल्याच क्युलेक्स स्यूडोविष्णुई डासांत विषाणू मिळाला. हे डास तुंबलेल्या भातखाचरात वाढतात, पावसाळी सरदीच्या पिकात तसेच पावसाळ्यानंतरच्या वायंगणातही, आणि दिवेलागणीनंतर चावतात. विषाणू वाढतो तो बगळ्यांत आणि डुकरांत. घोड्याच्या रक्तात तो इतका थोडा आणि इतका कमी वेळ राहतो, की डासाला त्यातून लागण होत नाही. माणसाचेही तसेच. अडखळणारा, नजर हरवलेला, तापलेला घोडा शेजाऱ्यांना रोग देत नाही. आसपासचे डास विषाणू बाळगून आहेत एवढे मात्र तो सांगतो. अशा घोड्याला गावाबाहेर हाकलण्यात काही अर्थ नाही, डासांची आणि रुग्णांची पाहणी तिथे व्हायला हवी. वेस्ट नाईल या डासांनीच पसरणाऱ्या विषाणूचे गणितही असेच, फक्त तिथे पक्षी हेच मुख्य आगर. त्याची प्रतिपिंडे 1952 मध्येच मुंबईच्या माणसांत मिळाली होती. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये दिसलेला माकडताप गोचिडीचा. त्यात घोड्याला गोवू नये.

पावसानंतर माश्या वाढतात, तेव्हा घोडेवाल्याने रोज सकाळी गुदद्वारातले तापमान लिहून ठेवावे. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस नेहमीचे. सर्राचा ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सोबत पोटाखाली आणि पायांवर सूज, फिकट डोळे, मागचे पाय ओढत चालणे. रक्त घ्यायचे ते ताप चढलेला असताना. कानाच्या शिरेतला ताजा थेंब काचेवर घेऊन झाकणकाच ठेवावी आणि 400 पटीत पाहावे. परजीवी सरळ दिसण्याआधी त्याच्या धक्क्याने तांबड्या पेशी हलताना दिसतात. ताप उतरल्यावर घेतलेली काच कोरी निघते आणि घोडा निरोगी ठरतो, चूक बहुधा इथेच होते. कोऱ्या काचेवर विसंबू नये, दुसऱ्या चढावाला पुन्हा रक्त घ्यावे. नळीतले रक्त उन्हात ठेवले तर परजीवी मरून विरघळतात; बर्फाच्या डब्यात न्यावे, पण गोठू देऊ नये.

औषध क्विनापायरामीन, कातडीखाली, पशुवैद्याने वजनाचा अंदाज घेऊनच द्यावे. मात्रा कमी पडली तर परजीवी औषधाला सरावतो. घोड्यात टोचल्या जागी मोठी सूज येते, म्हणून डोस दोन-तीन ठिकाणी वाटून देतात आणि लाळ गळते का, थरथर सुटते का हे पाहायला माणूस जवळ ठेवतात. घोडा मेलाच तर धड खोल पुरावे, कारण ताज्या मांसातून कुत्र्यांना सर्रा होतो.