लुगड्याची गोधडी आणि जीन्सची गोधडी

थंडीच्या तोंडावर मराठवाड्यातल्या घरांत जुन्या कपड्यांचे गाठोडे सुटते, तेव्हा आता त्यातून लुगडी-धोतरे कमी आणि मुलांच्या विटलेल्या जीन्स पँटी जास्त निघतात, आणि त्यांचीही गोधडी शिवावी असे साहजिकच वाटते. दोन्हींवर ठिगळांची नक्षी असते आणि नावही एकच असते. परंतु दोन्हींची घडण मुळातच वेगळी आहे, आणि ती ध्यानात न घेता शिवायला बसले की महिनाभराचे कष्ट वाया जातात.

लुगड्याची गोधडी थरांवर उभी असते. खाली एक सबंध लुगडे, वर दुसरे, आणि मध्ये धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे पसरलेले असतात. हे सारे एकजीव करतो तो कडेपासून फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाणारा धावदोरा. ठिगळ वरून बसवलेले असल्यामुळे ते उसवले तरी गोधडीला काही होत नाही. ऊब येते ती थरांत अडकलेल्या हवेमुळे, आणि वर्षानुवर्षे धुऊन विरलेल्या सुती कापडाचे चार-पाच थर सुई सहज पार करते. पिंजलेला कापूस खोळीत भरून टाके घातलेली रजई ही तिसरीच वस्तू. तिचा येथे संबंध नाही.

जीन्सचे कापड तिरक्या विणीचे आणि घट्ट असते. त्याचा उभा धागा निळा रंगवलेला आणि आडवा पांढरा असतो, म्हणूनच त्याची आतली बाजू फिकी दिसते. नेहमीच्या जाड पँटीचे कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि विरलेले लुगडे साधारण त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके. म्हणजे जीन्सचा एकच थर लुगड्याच्या चार थरांचा भार घेऊन येतो. हे न कळल्यामुळे मी पहिल्या खेपेस आत जुने घोंगडे घातले आणि हाताने धावदोरा घालायला बसले. दोन सुया मोडल्या, बोटे सोलली, आणि तयार झालेले अंथरूण एकदा धुतल्यावर दोन दिवस वाळले नाही.

येथे तुकडा हा दागिना नसून तोच कापड असतो. तुकडे कडेला कड लावून जोडलेले असल्याने शिवण उसवली की तिथे भोकच पडते. त्यामुळे सारी भिस्त शिवणीवर असते: शिलाई मशीन, १६ नंबरची सुई, पक्का दोरा, दीड सेंटिमीटरची दाब (शिवणीबाहेर सोडलेली कड), आणि प्रत्येक शिवणीच्या कडा दोन्ही बाजूंना उघडून केलेली इस्त्री. १८ सेंटिमीटरचे चौकोन कापले तर जोडल्यावर १५ उरतात, आणि १५० बाय २१० सेंटिमीटरच्या गोधडीला असे १४० चौकोन लागतात. एका पँटीतून १४-१५ चौकोन निघतात, म्हणून दहा पँटी हाताशी ठेवाव्यात. मांडीच्या आतली दुमडलेली शिवण आणि खिशाच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे खिळे (अमेरिकेतले कापड-व्यापारी लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली ज्यांचे पेटंट घेतले ते हेच) कापून टाकावेत, कारण सुई तिथेच मोडते. ताणल्या जाणाऱ्या (स्ट्रेच) जीन्सचे तुकडे साध्या जीन्सशी कदापि जोडू नयेत; शिवताना ते ओढले जातात आणि गोधडीला कायमचा झोल पडतो.

मागे अस्तर म्हणून मात्र सुती लुगडेच लावावे, म्हणजे अंगाला मऊ लागते. पँटी आधी वेगळ्या दोन-तीनदा धुवाव्यात, नाहीतर निळा रंग लुगड्यावर उतरतो. अस्तर धरून ठेवायला धावदोरा लागत नाही. चौकोन जिथे एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक कोपऱ्यावर जाड सुती दोऱ्याची दुहेरी गाठ पुरते.

अशी गोधडी अस्तरासह दोन किलोंच्या वर भरते. परभणीत पारा १० अंशांखाली गेल्यावर गच्चीवर किंवा शेतात राखणीला झोपणाऱ्याने बाजेवर अंथरायला ती उत्तम, पण पाळण्यातल्या बाळावर ती घालू नये. त्याला लुगड्याचे दुपटेच हवे.