गंजलेली नांगराची साखळी: मुलामा द्यायचा की बदलायची?

हंगाम संपला, बोट पाण्याबाहेर आली, साखळी जमिनीवर पसरली की प्रश्न ठरलेला असतो: "एवढी लाल झालीय, टाकूनच द्यायची ना?" जस्ताच्या मुलाम्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच साखळ्या दिसतात त्यापेक्षा चांगल्या निघतात. उलटही घडतं. लांबून टापटीप, राखाडी दिसणारी साखळी हातात घेऊन कड्या सरकवल्या की दोन कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे खाच पडलेली सापडते. त्यामुळे रंगाकडे बघून निर्णय घेऊ नका. कडीत पोलाद किती उरलंय ते मोजा.

लाल रंग येतो कुठून

साखळीवरचा जस्ताचा थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. त्यात वर शुद्ध जस्त असतं आणि खाली, पोलादाला धरून, जस्त आणि लोखंड यांचे मिश्र थर. वरचं जस्त झिजलं की या मिश्र थरातलं लोखंड तांबूस डाग सोडू लागतं. डेकवर डाग पडतात, मालक वैतागतो, पण आतलं पोलाद अजून शाबूत असतं. नवा मुलामा द्यायची खरी वेळ हीच.

पोपडे सुटू लागले म्हणजे गंज पोलादापर्यंत पोचला. तरीही लगेच घाबरू नका. गंज ज्या लोखंडापासून होतो त्याच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे जाड पोपड्याखाली गेलेलं लोखंड बरंच कमी असू शकतं. पोपडे काढून, तारेच्या ब्रशने घासून मगच बघा. खाली खोल खड्डे दिसले तर मात्र गोष्ट वेगळी.

मोजायचं कसं

व्हर्नियर कॅलिपर घ्या. कडीचा सरळ भाग मोजून उपयोग नाही, तो शेवटपर्यंत जाड राहतो. शेजारची कडी बाजूला सरकवा आणि ती जिथे टेकते तो वळणाचा भाग मोजा: दोन दिशांनी, एकमेकींना काटकोनात, आणि सरासरी काढा. मूळ जाडीच्या दहा टक्के झीज झाली की आम्ही साखळी बाद समजतो. म्हणजे 10 मिमीची साखळी 9 मिमीवर, 8 मिमीची 7.2 मिमीवर. ऐकायला हे फार कडक वाटतं, पण हिशोब करून बघा: जाडी दहा टक्क्यांनी घटली की छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ 19 टक्क्यांनी घटतं.

दुसरी खूण लांबीची. नांगराकडच्या टोकाच्या 20 कड्या ताणून मोजा आणि जो भाग क्वचितच बाहेर पडतो त्यातल्या 20 कड्यांशी ताडून बघा. झिजलेला भाग लांबलेला असतो, आणि विंडलासच्या (साखळी ओढणाऱ्या-सोडणाऱ्या यंत्राच्या) चाकावरच्या खाचांमध्ये तो नीट बसत नाही. साखळी सुटताना उड्या मारते, खडखडते. पुष्कळ जण तेव्हा विंडलासला दोष देतात.

एकही कडी वाकलेली, ताणून अरुंद झालेली किंवा वेल्डच्या जागी चिरलेली असेल तर मोजमाप पुढे नेऊ नका. तेवढा भाग गेला. त्यावर वेल्डिंग करून देणारे भेटतील. आम्ही करत नाही.

बोटीत साखळी ठेवायच्या कोठडीत तळाशी पडून राहणारा भागही तपासा. तो वापरला जात नाही म्हणून चांगलाच असणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो ओल्या, खारट चिखलात वर्षानुवर्षं बसलेला असतो.

पुन्हा मुलामा देताना काय होतं

साखळी आधी आम्लात बुडवून स्वच्छ केली जाते, मग सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवली जाते. बाहेर काढताच ती जोरात हलवावी किंवा फिरवावी लागते. तसं झालं नाही तर जस्त कड्यांच्या मध्ये थिजतं आणि हाती साखळीऐवजी काठी येते. दरवाजे, जाळ्या, खांब यांना मुलामा देणारा प्रत्येक कारखाना हे करू शकत नाही. स्वतः कुठे देणार असाल तर आधी हे विचारून घ्या.

आम्लाने रंग निघत नाही. लांबीच्या खुणांसाठी मारलेला रंग, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, शॅकल (पिनने बंद होणारा U आकाराचा जोड), स्विव्हल (फिरता जोड) हे सगळं आधी काढायला हवं. रंग राहिला तर तिथे जस्त धरत नाही आणि पहिला गंज तिथेच फुटतो.

मुलामा ही साखळीची कातडी आहे. त्याने झिजलेली कडी जाड होत नाही, गेलेली ताकद परत येत नाही. उलट आम्लात थोडं पोलादही जातं, म्हणून आम्ही मुलाम्याआधी गंज काढून मोजतो आणि मर्यादेच्या अगदी कडेला असलेली साखळी घेत नाही. चकचकीत करून देता येईल, पण वाऱ्यात तिनेच तुमची बोट धरून ठेवायची आहे.

ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा वर्ग. ग्रेड 70 किंवा त्याहून वरच्या साखळीबद्दल आधी आमच्याशी बोला. ही ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. जस्ताच्या तापमानाने ती उतरू शकते, आणि आम्लातला हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. उत्पादकाचे लेखी निर्देश असतील तरच आम्ही अशा साखळीला हात लावतो. ग्रेड 30 आणि 40 ला ही अडचण येत नाही. ग्रेडचा शिक्का ठरावीक अंतरावरच्या कड्यांवर असतो, घासून बघा.

जस्ताच्या स्प्रेबद्दल नेहमी विचारतात. शॅकलवर ओरखडा गेला तर ठीक, पण साखळीवर तो वाळूत टिकत नाही.

आमचा धंदा कमी करणारा एक सल्ला

झीज बहुतेक वेळा नांगराजवळच्या टोकाकडे जास्त असते. बाकीची साखळी चांगली असेल तर झिजलेला तुकडा कापून टाका आणि उरलेली उलटी करून वापरा. तुम्ही नेहमी नांगर टाकता तिथल्या पाण्याच्या खोलीला उरलेली लांबी पुरते का, एवढं पाहा. झीज मर्यादेत असेल तर कापायचीही गरज नाही. वर्षा-दोन वर्षांनी टोकं बदलत राहा.

नवीन घ्यायची ठरली तर

"10 मिमी" एवढंच सांगून साखळी मागवू नका. साखळीच्या मापांची दोन मानकं आहेत: 10 मिमीच्या साखळीत डीआयएन 766 प्रमाणे कडीची आतली लांबी 28 मिमी असते आणि आयएसओ 4565 प्रमाणे 30. दोन मिलिमीटरचाच फरक, पण विंडलासच्या चाकावर चुकीची साखळी घसरते. जुन्या साखळीचा चांगला, न झिजलेला तुकडा आणि चाकावरचा क्रमांक दोन्ही घेऊन या. मधल्या जोडकडीने नवी-जुनी साखळी जोडण्याचा मोह होतो. साधी जोडकडी साखळीपेक्षा कमजोर असते.

स्टेनलेसची साखळी दिसायला देखणी आणि कोठडीत छान पसरते. मात्र हवा न पोचणाऱ्या चिखलात तिला बारीक, खोल खड्डे पडतात आणि बाहेरून ते सहज कळत नाहीत. जस्ताची साखळी निदान लाल होऊन सांगते तरी.

आणताना आणि परत बसवताना

50 मीटर 10 मिमी साखळीचं वजन सुमारे 115 किलो भरतं. एकट्याने उचलू नका. दोन-तीन टबांत विभागून आणा. गोड्या पाण्याने धुऊन आणलीत तर आमचं काम सोपं होतं. परत नेल्यावर ती एकदा विंडलासवरून पूर्ण फिरवून बघा. कुठे जस्ताचा गोळा राहिला असेल तर तेव्हाच कळेल. कोठडीतलं पाणी जाण्याचं भोक मोकळं आहे ना, तेही त्याच वेळी पाहा.

साखळीचं बोटीकडचं टोक शॅकलने जखडू नका. मजबूत दोराने बांधा, आणि दोर एवढा लांब ठेवा की साखळी पूर्ण बाहेर गेल्यावर तो डेकवर येईल. नांगर अडकला आणि बोट तातडीने सोडवायची वेळ आली तर अंधाऱ्या कोठडीत गंजलेली शॅकलची पिन फिरवत बसायला सवड नसते. दोर सुरीने कापता येतो.